बाळाचं तोंड कुणीकडे?

दर वीकांताला इथे मी कधी सिनेमावर लिहितो, कधी हापिसातल्या गमतीजमतींवर, कधी एखाद्या नव्या गॅजेटवर. आजचा विषय बेबी कॅरियर. ज्यांना मुलंबाळं नाहीत त्यांनी लगेच खिडकी बंद करू नका. दोन-चार वर्षांत तुम्हालाही लागणार आहे, नाहीतर भाच्याला फिरवताना तरी लागेलच :)

प्रश्न साधा आहे. बाळाला कॅरियरमध्ये छातीशी बांधलं की त्याचं तोंड आपल्याकडे असावं की बाहेर, जगाकडे? पुण्यात हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. शनिवारी संध्याकाळी कुठल्याही मॉलमध्ये उभं राहा, दहा मिनिटांत दोन-तीन बाबालोक दिसतील. छातीवर बाळ, बाळाचं तोंड पुढे, चारही हातपाय हवेत. खोक्यावरच्या फोटोतही बाळ तसंच असतं आणि हसत असतं. विषय संपला.

मोताळ्यात मात्र हा प्रश्न पडतो. तिथे तो पडतो म्हणूनच हा लेख.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : मोताळा हे बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मलकापूरहून बुलढाण्याकडे निघालात की राजूर घाट चढायच्या आधी लागतं. आसपास कपाशी, तालुक्यात नळगंगेचं धरण. आमचं मूळ गाव. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी आम्ही तिघं गेलो होतो. महाराष्ट्र एक्सप्रेसने मलकापूर, तिथून पुढे एसटी. चिरंजीव तेव्हा सात महिन्यांचे होते. कॅरियर अर्थातच बरोबर होतं, आणि गावात ते बऱ्यापैकी चर्चेचा विषय झालं. बऱ्याच प्रतिक्रिया मिळाल्या, पण त्यातल्या तीन माझ्या डोक्यात राहिल्या.

आजी म्हणाली, "काहून रे बापा, लेकराले असं टांगून ठेवलं? त्याले तुह्यं तोंडच दिसत नाही!"

मामा म्हणाले, "राहू द्या ना, त्याले बाजार तं दिसते!"

आणि चुलतभाऊ म्हणाला, "हे भारी आहे राजा. गाडीवर न्यायचं काम झालं. दोन्ही हात मोकळे!"

तिन्ही मतं नीट तपासून बघितली तर कॅरियरबद्दल जे काही कळायला हवं ते जवळपास सगळं त्यात येतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. मामा बरोबर आहेत, पण अर्ध्या तासापुरते. आजी मामांपेक्षा जास्त बरोबर आहे. आणि चुलतभावाचा बेत पूर्णपणे चुकीचा, धोकादायक आहे.

मामांची बाजू

मामांपासून सुरुवात करू. बाळाने मान धरली की त्याला छातीत तोंड खुपसून राहणं नकोसं होतं. चार-पाच महिन्यांचं पोर कॅरियरमध्ये आपल्याकडे तोंड करून बसवलं की मान वळवून वळवून मागे बघतं, पाय झाडतं, कुरकुर करतं. त्याला पंखा बघायचा असतो, कुत्रं बघायचं असतं, भाजीवाल्याचा तराजू बघायचा असतो. ही भूक खरी आहे आणि चांगलीही आहे. ज्या बाळाला हे हवंय त्याला थोडा वेळ पुढे तोंड करून फिरवण्यात काहीच वावगं नाही. आजकाल काही लोक 'बाहेर तोंड म्हणजे अत्याचार' अशा थाटात लिहितात, ते मला पटत नाही.

पण 'मान धरली की' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मान धरणं म्हणजे दोन सेकंद डोकं वर उचलणं नव्हे. बाळाला उभं धरून आपण इकडेतिकडे वळलो, चाललो, तरी त्याचं डोकं लटपटत नाही, याला मान धरणं म्हणतात. हे साधारण चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान होतं, आणि प्रत्येक पोराचं कॅलेंडर वेगळं असतं. बहुतेक कंपन्या बाहेर तोंड करून बसवायला पाच-सहा महिन्यांनंतरच सांगतात. वयाबरोबर उंचीही बघावी लागते. कॅरियरच्या पुढच्या कापडाची कड बाळाच्या हनुवटीच्या खाली राहिली पाहिजे. नाकातोंडावर कापड येत असेल तर बाळ सहा महिन्यांचं असो की सातचं, अजून थांबा.

मानेचा एवढा बाऊ कशाला? कारण श्वास. लहान बाळाची हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका दबते. मोठ्या माणसाला अशा वेळी जाग येते. लहान बाळ नुसतं शांत पडून राहतं. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने कापडी झोळीसारख्या स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला होता. मागच्या वीस वर्षांतले किमान १४ मृत्यू त्यांनी मोजले होते, आणि त्यातली १२ बाळं चार महिन्यांपेक्षा लहान होती. ही बाळं बाहेर तोंड करून बसलेली नव्हती, पण शरीरशास्त्र तेच आहे. म्हणून साधी खूण : हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये आपली दोन बोटं कधीही मावली पाहिजेत.

यातूनच दुसरा नियम निघतो. बाहेर तोंड असलेलं बाळ झोपलं की त्याला लगेच आपल्याकडे वळवायचं. आपल्याकडे तोंड असताना झोपलेलं डोकं आपल्या छातीवर टेकतं. बाहेर तोंड असताना टेकायला समोर काहीच नसतं, डोकं पुढे लोंबतं. "आत्ताच झोपलाय, उठेल" म्हणून तसंच ठेवू नका. उठला तर उठला.

बसणं की लोंबणं

आता आजीच्या 'टांगून' या शब्दाकडे येऊ. मला तो शब्द इतका आवडला की काय सांगू! आमच्या टेस्टिंग टीमला इतका नेमका बग रिपोर्ट लिहिता आला असता तर...

जुन्या घाटाच्या कॅरियरमध्ये बाळाच्या दोन पायांमध्ये कापडाची एक अरुंद पट्टी असते. बाळ तिच्यावर बसत नाही, लोंबतं. सगळं वजन जांघेत येतं आणि पाय सरळ खाली. नव्या चांगल्या कॅरियरमध्ये बैठक रुंद असते, मांड्यांना एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत आधार मिळतो आणि गुडघे कुल्ल्यांच्या बरोबरीला किंवा किंचित वर येतात. बेडूक बसतो ना, तसं. पहिल्या सहा महिन्यांत तर हे फारच महत्त्वाचं, कारण खुब्याचा सांधा तेव्हा घडत असतो. मांडीच्या हाडाचं गोल टोक आणि त्याची वाटी एकमेकांत नीट बसायला पाय फाकलेले आणि दुमडलेले असणं सोयीचं. खुब्याच्या विकारांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्थाही पहिले सहा महिने बाळाचं तोंड आपल्याकडेच ठेवा असं सुचवते.

याचे दोन मोठे दाखले आहेत. जपानमध्ये तान्ह्या बाळांचे पाय सरळ करून गुंडाळायची पद्धत होती आणि तिथे खुबा निखळण्याचं प्रमाण बरंच होतं. १९७५ च्या सुमारास तिथे मोहीम निघाली की पाय सरळ बांधू नका, मोकळे ठेवा. त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने खाली आलं. दुसरा दाखला आफ्रिकेतल्या मलावीचा. तिथल्या बायका बाळाला पाठीवर, पाय फाकवून, कापडाने बांधतात. तिथल्या एका रुग्णालयाने दहा वर्षांत उपचार केलेल्या ४० हजारांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, त्यात या प्रकारचा खुब्याचा विकार एकाही मुलात सापडला नाही. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता आपल्याकडचं बघा. आपल्याकडे दोन्ही गोष्टी आहेत! बाळंतिणीच्या खोलीत न्हाऊ घातलं की बाळाचे पाय जुळवून, सरळ करून, दुपट्यात घट्ट गुंडाळतात. ही जपानसारखी पद्धत, आणि ती सोडलेली बरी. गुंडाळायचंच असेल तर कमरेखाली सैल ठेवा, पाय दुमडता येऊ देत. पण तेच बाळ मान सावरायला लागलं की कडेवर जातं. कड म्हणजे काय, तर मावशी-आजीच्या कमरेला दोन्ही बाजूंनी पाय टाकून बसणं. गुडघे वर, मांड्या फाकलेल्या, पाठीमागून हाताचा आधार. कॅरियरच्या माहितीपत्रकात चित्र काढून ज्या स्थितीची जाहिरात करतात तीच ही. आजीने ती कुठे वाचली नव्हती.

गंमत म्हणजे हे आधुनिक पाश्चात्त्य कॅरियरही मुळात कुणाच्या तरी आजीकडूनच आलं आहे. अ‍ॅन मूर नावाची अमेरिकन परिचारिका १९६० च्या दशकात टोगो या आफ्रिकन देशात काम करत होती. तिथल्या आया बाळांना पाठीला बांधून कामं करतात आणि बाळं शांत असतात हे तिने पाहिलं. परत गेल्यावर स्वतःच्या बाळासाठी तिने आईकडून तसंच काहीतरी शिवून घेतलं. त्यातून 'स्नगली' निघालं, १९६९ मध्ये पेटंट झालं. स्वीडनच्या बेबीब्यॉर्नचं पहिलं कॅरियर १९७३ चं. म्हणजे आपण पाच-सहा हजार रुपयांना आणतो ती मूळची गावाकडची वस्तू, फक्त बकल लावलेली.

आणि टोगो, मलावी, जपान, आपली कड, आपली पाठुंगळी... या सगळ्या जुन्या पद्धतींत बाळ माणसाच्या अंगाला पोट लावून असतं. अंगाला पाठ लावून, थेट बाहेर तोंड करून बांधायची जुनी पद्धत माझ्या तरी पाहण्यात नाही. हा योगायोग नसावा.

बंद करायचं बटण

इथे आजीचं दुसरं वाक्य येतं, "त्याले तुह्यं तोंडच दिसत नाही." माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि माहितीपत्रकात तो सगळ्यात बारीक अक्षरात असतो.

कडेवरचं बाळ काय करतं ते एकदा निरखून बघा. अनोळखी माणूस आला की आधी त्याच्याकडे बघतं. मग आईच्या तोंडाकडे बघतं. आई हसत असेल तर परत त्या माणसाकडे बघतं. फारच झालं की सरळ आईच्या खांद्यात तोंड लपवतं. म्हणजे बाळाकडे दोन सोयी असतात. एक, "हे ठीक आहे ना?" असं विचारायची. दोन, "बस झालं" म्हणून जग बंद करायची.

बाहेर तोंड करून बांधलेल्या बाळाकडे या दोन्ही सोयी नसतात. समोरून येणारा प्रत्येक चेहरा, प्रत्येक हॉर्न, बँडवाल्यांचा ढोल, डीजेचे दिवे, गाल ओढणारी प्रत्येक आत्या... सगळं थेट अंगावर. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा सतत येतोय, बफर भरलाय, आणि 'थांबा' म्हणायची सोयच ठेवलेली नाही. सिस्टीम मग कोसळते. संध्याकाळी घरी आल्यावर तासभर रडणारं बाळ तुम्ही पाहिलं असेल. घरचे म्हणतात दृष्ट लागली. दृष्ट लागली म्हणजे काय, तर फार लोकांच्या फार नजरा फार वेळ अंगावर आल्या! मी दृष्ट मानत नाही, पण त्या निरीक्षणाला हसतही नाही.

२००८ मध्ये डंडी विद्यापीठाच्या सुझॅन झीडिक यांनी ब्रिटनमधल्या रस्त्यांवर बाबागाड्यांचं निरीक्षण करवलं होतं. अडीच हजारांपेक्षा जास्त जोड्या पाहिल्या. ज्या गाड्यांमध्ये बाळाचं तोंड ढकलणाऱ्याकडे होतं तिथे मोठी माणसं बाळाशी दुपटीहून अधिक वेळा बोलताना आढळली. बाबागाडी आणि कॅरियर एकच नव्हे हे मान्य. कॅरियरमध्ये आपलं तोंड बाळाच्या कानाजवळच असतं, आवाज आणि ऊब पोचते. पण तोंड दिसलं नाही की आपण बोलायचं विसरतो, हे काही फक्त ब्रिटिशांना लागू नाही. फोन बघत चालणारा बाबा आणि छातीवर एकटंच जग बघणारं बाळ हे दृश्य मी मॉलमध्ये दर शनिवारी बघतो.

तर माझं म्हणणं असं : बाळाकडे बंद करायचं बटण नसेल तर ते बटण आपण व्हायचं. बाहेर तोंड करून बांधायचा अधिकार त्यालाच, जो दर पाच मिनिटांनी बाळाचा चेहरा बघेल. आरशात, दुकानाच्या काचेत, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात, किंवा सोबतच्या माणसाला विचारून. आणि जो बाळाशी बोलत राहील. "ती बघ म्हैस", "हा बघ तराजू". बस, एवढंच. बाळ थकल्याच्या खुणा सोप्या असतात. मान बाजूला फिरवणं, डोळे चोळणं, जांभया, मुठी आवळणं, पाठ ताणून कमान करणं, किंवा एकदम गप्प होऊन शून्यात बघणं. शेवटची खूण फसवी आहे. लोक म्हणतात, "किती शांत आहे हो!" शांत नाही, थकलंय ते.

थोडक्यात नियम

इंजिनिअर आहे, यादी केल्याशिवाय चैन पडत नाही. बाळाचं तोंड बाहेर करण्याआधी हे बघा :

१. मान पक्की धरलेली आहे, वय निदान पाच-सहा महिने आहे आणि तुमच्या कॅरियरच्या पुस्तिकेत या स्थितीसाठी दिलेलं वजन-वय जुळतंय. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, खुब्याचा किंवा श्वासाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

२. कॅरियरमध्ये बाहेर तोंड करायची वेगळी जोडणी दिलेली आहे. नसेल तर आपली अक्कल वापरून उलटं बसवू नका. आणि पाठीवर तर बाहेर तोंड करून कधीच नाही.

३. बैठक मांड्यांना आधार देतेय. बाळाचं बूड आत, पाठ तुमच्या छातीला चिकटलेली. पट्टे इतके घट्ट की तुम्ही किंचित वाकलात तर बाळ तुमच्यापासून सुटत नाही.

४. उंची अशी की मान झुकवून बाळाच्या टाळूचा पापा घेता येतो.

५. वेळ सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, नंतर फार तर अर्धा तास. दूध पाजल्यावर लगेच नाही. झोप आली की आपल्याकडे वळवायचं.

६. खाली वाकायचं ते गुडघ्यातून, एक हात बाळावर ठेवून. जिना उतरताना कठडा धरून. बाळ पुढे असलं की आपल्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत, हे विसरू नका.

७. चहाचा कप, गॅस, चूल, तळणीची कढई यांच्याजवळ कॅरियर घालून जायचंच नाही. बाहेर तोंड असलेल्या बाळाचे हात तुमच्या हातांइतकेच पुढे असतात, आणि जास्त चपळ असतात.

मोताळ्यासारख्या ठिकाणी आठवा नियमही लागतो, उन्हाचा. मे महिन्यात घाटाखाली पारा चाळिशीच्या वर सहज जातो. कॅरियरमध्ये बाळाला आपल्या अंगाची उष्णता, कापडाची उष्णता आणि वरून ऊन अशी तिहेरी भट्टी लागते. बाहेर तोंड असेल तर ऊन आणि धुळीचा फुफाटा थेट डोळ्यांत. म्हणून दुपारी नाहीच. सकाळी किंवा दिवस कलल्यावर, पातळ सुती झबलं, डोक्यावर टोपी, आणि मधून मधून मानेमागे हात लावून बघायचं. मान घामेजलेली, तापलेली लागली की बाळाला बाहेर काढायचं. लग्नाच्या मांडवात दुपारी बारा वाजता कॅरियर घालून मिरवायची काही गरज नसते. मांडवात घ्यायला हात भरपूर असतात :)

"गाडीवर न्यायचं काम झालं"

आता चुलतभाऊ. खरं तर या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलो.

त्याचं चूक आहे असं म्हणणं सोपं आहे. पण मोताळ्याहून मलकापूरला दवाखान्यात जायचं, बुलढाण्याला सरकारी कामाला जायचं, तर घरात वाहन म्हणजे मोटरसायकल. बाळाला न्यायचं तर मागे बसलेल्या बायकोच्या मांडीवर, एका हाताने बाळ आणि दुसऱ्या हाताने कॅरिअर धरून (हे दुसरं कॅरिअर, गाडीचं!). हे रोज दिसतं. त्याला वाटलं, बाळ छातीला पक्कं बांधलं तर पडणार नाही, म्हणजे आहे त्यापेक्षा सुरक्षित. तर्क वरवर बरोबर वाटतो. पुण्यातही हल्ली स्कूटरवर पुढे बाळ बांधलेले लोक दिसतात, तेव्हा हा फक्त गावाकडचा प्रश्न आहे असं समजू नका.

थोडं गणित करू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. वरून खाली पडणाऱ्या वस्तूला एवढा वेग यायला साधारण सव्वासहा मीटर उंची लागते. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून खाली. गाडी धडकली की आपण पुढे फेकले जातो आणि आपल्या पुढे काय असतं? सात किलोचं बाळ. त्याच्या पुढे हँडल, टाकी, रस्ता. त्याच्या मागे आपलं सत्तर किलोचं शरीर, तेही पट्ट्यांनी त्याला जखडलेलं. सरळ शब्दांत सांगायचं तर छातीवरचं बाळ ही आपली एअरबॅग होते. हे वाक्य वाचायला वाईट आहे, पण लिहायला हवं. बाळाचं तोंड आत असलं तरी निकाल तोच. बाहेर असेल तर वारा, धूळ, किडे आणि खडी यांचा मारा वेगळा.

बेबी कॅरियर चालण्यासाठी बनवलेलं असतं. त्याची धडकेसाठी चाचणी झालेली नसते. चारचाकीतही तेच : कॅरियरमध्ये बाळ घेऊन सीटबेल्ट लावणं म्हणजे सुरक्षा नव्हे. तिथे लहान मुलांची वेगळी सीट लागते.

कायदाही आहे. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ ला मोटार वाहन नियमांत दुरुस्ती जाहीर केली आणि ती वर्षभराने लागू होणार असं ठरवलं. त्यानुसार चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर चालकाला जोडलेला सुरक्षा हार्नेस हवा, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० पेक्षा जास्त नको. हा हार्नेस म्हणजे मुलाला घालायचं जाकीट, ज्याचे पट्टे चालकाच्या खांद्यांत अडकतात. तो बेबी कॅरियर नव्हे. आणि हेल्मेटची अट नऊ महिन्यांपासून का? माझ्या समजुतीने त्याहून लहान मान हेल्मेटचं वजन पेलू शकत नाही. जी मान हेल्मेट पेलत नाही ती धक्का काय पेलणार? मी त्याचा अर्थ एवढाच घेतो की त्याहून लहान बाळाला दुचाकीवर न्यायचंच नाही.

मग करायचं काय? एसटी आहे, काळीपिवळी आहे, शेअर रिक्षा आहे. गैरसोयीचं आहे, मान्य. एसटीची वाट बघणं म्हणजे काय असतं ते मला सांगू नका. पण इथेच कॅरियर खरं कामाला येतं. बाळाचं तोंड आपल्याकडे ठेवून बांधायचं, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा धरून एसटीत चढायचं. मलकापूर स्टेशनचा जिना बॅगांसकट चढताना मला त्याचा जो उपयोग झाला तो मॉलमध्ये कधी झाला नाही.

शेवटी बापांविषयी

एक मुद्दा राहिला. मोताळ्यात लोक बघत होते ते फक्त वस्तूकडे नाही. बापाच्या छातीवर बाळ, बायको मोकळ्या हाताने चालतेय, हे त्यांना नवीन होतं. आमच्या वडिलांच्या पिढीत थोरांच्या समोर बापाने स्वतःचं पोर उचलायचंसुद्धा नाही असा संकोच होता. घरात आजोबा बसलेले असले की बाळ कितीही रडो, बाप ओसरीवरच. जिजाऊंचं सिंदखेडराजा आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलं, म्हणून जिल्हा स्वतःला अभिमानाने मातृतीर्थ म्हणवतो. आईपणाचा इतका गौरव होतो की बापाने काही करायचं असतं हे विसरायला होतं. पण आपल्या परंपरेत त्यालाही आधार आहे. जनाबाईंच्या अभंगातला विठोबा आठवा, खांद्यावर आणि कडेवर लेकरं घेऊन निघालेला. त्याला कुणी हसलं नाही.

म्हणून मित्रांनो, कॅरियर जरूर घ्या, आणि बायकोला नव्हे, स्वतःला घ्या. पैसे नसतील किंवा द्यायचे नसतील तर कड फुकट आहे. खुब्यासाठी चांगली, बघायला चांगली, आणि बाळाला हवं तेव्हा तोंड लपवता येतं. हात दुखतात एवढाच तिचा तोटा. शेतात कपाशी वेचायला जाणाऱ्या बाया लिंबाच्या फांदीला झोळी बांधून बाळ निजवतात आणि घरी जाताना कडेवर घेतात. त्यांना आपल्याकडून शिकण्यासारखं यात फार काही नाही.

बाळाचं तोंड बाहेर करायचं तर करा. बाजार दाखवा, नळगंगेचं पाणी दाखवा, म्हशी दाखवा. अर्धा तास. मग वळवा. बाळाला जग बघायचंय हे खरं, पण ते बघून झाल्यावर त्याला तुम्हाला बघायचं असतं. आणि गाडीला किल्ली लावायच्या आधी बाळ उतरवून कुणाच्या तरी हातात द्या.

असो. चिरंजीव उठले. पुढच्या वीकांताला भेटू, तेव्हा बहुधा सिनेमाच.